पुढच्या रांगेतले व्याही

भात कापून झालं की आमच्या कर्जतकडची शेतं फार दिवस रिकामी बसत नाहीत. जमिनीतली ओल सरायच्या आत वाल पेरला जातो, थंडी वाढते तशा शेंगा भरत जातात, आणि मग कुठल्या ना कुठल्या बांधावरून भाजल्या पाल्याचा वास यायला लागतो. पोपटी लागली, असं आम्ही म्हणतो. मला हा मोसम फार आवडायचा. अंगावर शाल घ्यावी, चहा जरा जास्त प्यावा, कुणाच्या तरी शेतावर जाऊन गरम शेंगा सोलत बसावं. पण परवा भिसेगावातून निघून कोंडाण्याच्या रस्त्याला लागले आणि विजेच्या खांबाला बांधलेला एक रंगीत फलक दिसला. त्यावर तोंड उघडून हसणारी पाच-सहा माणसं होती. त्यांना बघून मी मान वळवली आणि झपाझप चालू लागले.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अजून तेच धरून बसलीस होय?" धरून बसले नाही, पण सुटतही नाही. काळजी करायला मला एरवीही कारण लागत नाही. गॅस बंद केला का, इथून निघाले की भाजी चिरून होईस्तोवर मी पुढच्या दहा वर्षांवर पोचलेली असते. घरातले हसतात. मी म्हणते हसा, पण कुणीतरी करायलाच हवी ना काळजी, आपोआप थोडीच होते.

तर तो फलक. मुंबई-पुण्याची तरणी मंडळी थंडीत आमच्याकडे येतात आणि जिथे जागा मिळेल तिथे खेळ करतात. फार्महाऊसच्या हिरवळीवर, मंगल कार्यालयात, रोपांच्या नर्सरीतल्या शेडमध्ये, आणि बंद पडलेल्या भाताच्या गिरणीतसुद्धा. एकाच वेळी चार ठिकाणी चार गोष्टी चाललेल्या. कुठे एकटाच माणूस माईक धरून विनोद सांगतो, कुठे सगळं बोलणं गाण्यातून, आणि कुठे इम्प्रोव्ह. म्हणजे आधी काहीच ठरवायचं नाही, लिहायचं नाही, प्रेक्षकांनी एखादा शब्द द्यायचा आणि त्यावरून यांनी तिथल्या तिथे नाटक उभं करायचं. कागदावर या सगळ्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे त्याला कॉमेडीची जत्रा म्हणतात. पहिल्या वर्षी तर आमच्या शेजारच्या काकी कुणाला तरी विचारत होत्या की जत्रा हाय तर पालखी कंदी निघणार.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा पाहिला तो माईकवाला मुलगा. मंगल कार्यालयात, जिथे नवरा-नवरी उभे राहतात त्याच ओट्यावर उभा होता. मागची थर्माकोलची महिरप कुणी काढलीच नव्हती. तो आपल्या आईबद्दल बोलत होता. आई कशी फोन करते, कशी दर वाक्यात जेवलास का विचारते. पुण्या-मुंबईचे पाहुणे वाक्य पुरं व्हायच्या आत हसत होते. आमची माणसं आधी शेजारच्याकडे बघत होती आणि तो हसला तर हसत होती. मी मात्र त्या मुलाच्या गळ्याची हाडं बघत होते. काय खोटं विचारते रे तुझी आई? नीट जेवत नाहीस हे मला सातव्या रांगेतून दिसत होतं. तरी शेवटी एकदा मला हसू आलंच. ते इतक्या जोरात आलं की पुढची बाई मागे वळली. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले, आणि लगेच मला धास्ती वाटली. इतकं हसलं की पाठोपाठ काहीतरी होतं, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

आणि व्हायचं ते तर तोवर झालंच होतं.

सुयोग आमचा एकुलता एक. खोपोलीजवळच्या एका कंपनीत होता, आणि पर्मनंट होता. या शब्दाचं वजन बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. आमच्याकडे मुलीचा बाप घर बघतो, शेत बघतो, माणसं बघतो, पण त्याच्याही आधी विचारतो की पोरगा पर्मनंट हाय का. आहे म्हटलं की अर्धं लग्न ठरतं. तसंच सुयोगचं ठरलं. खालापूरकडच्या एका गावातले हरिभाऊ, त्यांची मुलगी मानसी. मानसी कर्जतला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. शांत मुलगी, डोळे मात्र सगळं टिपणारे. गणपतीत सुपारी फुटली, म्हणजे लग्न पक्कं झालं. साखरपुडा माघात धरला. आणि दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना सुयोग ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, मी कंपनी सोडली गं."

"कुनाला विचारून?"

"कुनालाच नाय. विचारलं असतं तर तुमी सोडू दिली असती का?"

बाकीचं त्याला सांगावंच लागलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो त्या इम्प्रोव्हवाल्या मंडळींबरोबर जायचा हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्याला हौस म्हणायचो. कुणी पतंग उडवतं, कुणी क्रिकेट खेळतं, तसं. आता तो म्हणत होता की तेच काम. मी कणीक मळतच राहिले, इतकी की तिच्या पोळ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत वातड लागत होत्या.

आमच्या ह्यांनी जेवणं झाल्यावर निकाल दिला. "साखरपुडा होऊ दे. तवर एक शब्द भाईर जायला नको. मंग मी बोलतो हरिभाऊंशी."

"मानसीला तरी सांगू द्या, बाबा."

"तिला सांगशील, ती बापाला सांगंल. मंग बस घंटा बडवत. लगीन मोडलं म्हंजे?"

 मला वाटलं होतं सुयोग भांडेल. पण त्याचा चेहरा उतरला आणि तेव्हा मला कळलं की त्यालाही तीच भीती आहे. पोर त्या मुलीत पुरतं गुंतलं होतं. नोकरी सोडायला घाबरलं नाही, पण तिला सांगायला घाबरत होतं.

मग आमच्या घरात एक विचित्र नाटक सुरू झालं. कंपनीची बस यायच्या वेळेला सुयोग रोज पाठीला सॅक लावून निघायचा. मी डबा भरून द्यायची. आळीतल्या बायका दारात रांगोळी घालत असायच्या, त्यांच्यासमोर तो म्हणायचा, "येतो गं आई." मी म्हणायची, "सांबाळून जा रं." बस मात्र त्याला न घेता निघून जायची. त्याची मंडळी लोकलने दुपारी यायची आणि त्या बंद गिरणीत सराव करायची. तोवर हा नदीवरच्या पुलापाशी जाऊन खाली दगडावर बसायचा. तिथेच डबा खायचा. हे मला त्याने एकदा सांगितलं आणि त्यानंतर डब्यात भाजी घालताना माझा हात थांबायचा. थंडीचे दिवस, नदीवरचा वारा, आणि हा एकटा तिथे भाकरी मोडतोय, असं डोळ्यांसमोर यायचं. रागही यायचा. कुणाचा, ते ठरत नव्हतं.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवसांत सगळ्यात चांगलं काम मीच करत होते. भाजीवाल्यापाशी, देवळात, हळदीकुंकवाला, मला कुणी विचारलं की सुयोग कसा आहे, तर मी इतकं सहज "बरा हाय, शिफ्ट असते ना" म्हणायची की माझं मलाच नवल वाटायचं. आणि घरी आल्यावर आधी दार लावून घ्यायची.

अशात हरिभाऊंचा फोन आला. हरिभाऊ म्हणजे मोठा हौशी माणूस. गावच्या देवीच्या जत्रेला दरवर्षी नाटक बसतं, त्यात ते वर्षानुवर्षं पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग करत आले आहेत. स्टेजवरचा माणूस अडखळला की त्यांच्या जिभेवर त्याचं वाक्य तयार असतं. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की होणारा जावई कॉमेडीच्या जत्रेत काम करतोय.

"वहिनी, आमी सगळी येतोय बगा. टेंपो करून. पुढली रांग धरून ठेवा."

"अवो भाऊ, कशाला एवढी दगदग," मी म्हणाले. "साधंच असतं ते, पोरांचं."

"आता आमचा जावई स्टेजवर उभा ऱ्हानार आनि आमी घरात बसू व्हय?"

त्या रात्री मी सुयोगला धरलं. त्यांच्या खेळाची सुरुवात मला माहीत होती. त्यांच्यातली एक मुलगी माईकवर येते आणि प्रत्येक नटाची ओळख करून देताना त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगते. हा अमका, याला झुरळाची भीती वाटते. हा तमका, याने नुकतंच घर बदललं. मी म्हटलं, तुझ्याबद्दल ती म्हणाली की ह्याने आत्ताच कंपनी सोडली, तर? तिला सांगून ठेव ना काय बोलायचं ते.

"आई, आमी आधी काय ठरवत नाय गं. ठरवलं तर मंग त्यात काय ऱ्हायलं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचं सगळं आयुष्य ठरवण्यावर चाललेलं. लग्न म्हटलं तर आधी बैठक बसते, कुणी कुणाला काय नेसवायचं, पंगत कुणाची आधी, वरात कुठून वळवायची, सगळं चार माणसांसमोर बोलून पक्कं होतं. कुणी रुसायचं आणि कुणी समजूत काढायची हेसुद्धा जवळपास ठरलेलं असतं. आणि माझा मुलगा म्हणतो की तोंड उघडल्यावर काय निघेल ते त्यालाच ठाऊक नसतं. अशा माणसाला व्याह्यांसमोर कसं उभं करायचं?

खेळाच्या दिवशी टेंपो आला तो चांगलं ऊन पडल्यावर. आत सतरंजी घालून बायका बसलेल्या, मुलं, म्हातारी माणसं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी हरिभाऊ, पांढऱ्या शर्टात. सोबत वालाच्या शेंगांनी भरलेली गोणी. मानसी मागून उतरली, माझ्या पाया पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला भरून आलं. ही मुलगी माझ्या घरात यावी असं मला किती वाटतंय ते त्या क्षणी कळलं, आणि लगेच वाटलं, आज संध्याकाळपर्यंत काय होईल कुणास ठाऊक.

पहिला खेळ हिरवळीवर. माईकवाली मुलगी आली. सुयोगपाशी आल्यावर ती म्हणाली, "हा सुयोग. याला अजून सायकल चालवता येत नाही." लोक हसले. मीही हसले, गरजेपेक्षा जास्त. मग तिने विचारलं, एखादी जागा सांगा. आमच्याकडे जत्रेत कुस्त्या असोत की भजन, माईकवरून आपल्या गावाचं नाव पुकारलं जाणं हा मान असतो. तेव्हा पुढची सगळी रांग एका दमात स्वतःच्या गावाचं नाव ओरडली. ठीक, त्यांनी गावातलं नाटक केलं. पुढच्या प्रवेशाला तिने पुन्हा जागा विचारली, तर पुन्हा तेच नाव, आधीपेक्षा मोठ्याने. पाहुणे मंडळींपैकी कुणी चंद्र म्हणालं, कुणी दवाखाना. शेवटी त्या पोरांनी चंद्रावरच ते गाव वसवलं. तिथे गावदेवीचं देऊळ निघालं, एक म्हैस निघाली. म्हैस सुयोग झाला. चार पायांवर उभा राहून रवंथ करू लागला. होणाऱ्या सासऱ्यासमोर! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण दुसरं मन म्हणत होतं, बरं आहे, म्हशीला कुणी नोकरी विचारत नाही.

हरिभाऊ खेळ संपल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हस झकास केलीस रं! आमची काळी अशीच मान करते."

मग नर्सरीच्या शेडमध्ये संगीत नाटक. दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं, पायाखाली ओली माती, आणि मध्ये चार मुलं-मुली गात होती. बिघडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांची गोष्ट होती. बाहेर पडू की नाही या भीतीने ती एकमेकांना आपापली गुपितं गाऊन सांगतात. मला ते बघवेना. एक मुलगी फार गोड गळ्याची होती. ती गात गात एका जागी थांबली, "हे माझ्या मनातलं मी सांगू कुणाला..." आणि मुद्दाम गप्प राहिली.  तेवढ्यात हरिभाऊंनी खणखणीत आवाजात वाक्य पुरवलं, "नवऱ्याला!" माणसं हसत सुटली. ती मुलगीही हसली आणि तोच शब्द सुरात उचलून पुढे गेली. हरिभाऊ माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "विसरली व्हती बिचारी. दिली सोडवून."

त्या दिवशी खेळ किती पाहिले आणि त्यात काय काय होतं, ते मला धड आठवत नाही. कारण मी स्टेजकडे बघतच नव्हते. मी हरिभाऊंचा चेहरा बघत होते. ते हसले की माझा जीव खाली यायचा, त्यांनी भुवई उचलली की वर जायचा. आमचे हे तर दोन खेळांच्या मध्ये कुणी सुयोगशी बोलायला गेलं की धावत जाऊन मध्ये उभे राहायचे. मला त्यांचाही राग येत होता. हा पेच त्यांनीच घातला होता, आणि आता घाम मात्र दोघांना फुटत होता.

ऊन कलल्यावर गिरणीमागच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी नि बटाटे, वर पुन्हा पाला दाबला आणि मडकं पालथं घालून भोवती काटक्या-गवत पेटवून दिलं. हरिभाऊ काठीने जाळ सारखा करत होते. मडक्यावर पाणी शिंपडून चुर्र आवाज ऐकायचा, त्यावरून झाली की नाही कळतं. सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसले होते. मानसी माझ्या शेजारी येऊन बसली.

"काकी, ह्यांची शिफ्ट आता कुटली असते?"

अगदी साधा प्रश्न. तिच्या आवाजात काही नव्हतं, निदान मला ऐकू आलं नाही. एरवी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. पण तिच्याकडे बघून ते तोंडातून निघेना. मडकं तेवढ्यात उलटलं होतं. मी मूठभर शेंगा घेतल्या, बोटं भाजली तरी घेतल्या आणि तिच्या ओंजळीत घातल्या. "खा गं, गरम हायत तवर खा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून शेंगा सोलू लागली. त्या दिवसाच्या शेंगांना चव होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

शेवटचा खेळ गिरणीत. यंत्रं कधीच काढून नेलेली, पण भिंतींना अजून कोंड्याचा वास होता आणि तुळयांवर तुसाची धूळ बसली होती. पुढच्या रांगेत आमची सगळी माणसं. माईकवाली मुलगी आली. एक टेबलावरची पितळी घंटा तिच्या हातात होती, पोस्टात किंवा हॉटेलात दाबून वाजवायची असते ना, तसली. खेळ असा होता की स्टेजवरचा माणूस काही बोलला आणि घंटा वाजली, तर त्याने शेवटचं वाक्य बदलून दुसरं म्हणायचं. पुन्हा वाजली तर पुन्हा बदलायचं. वाजवणारा प्रेक्षकांतला. तिने पुढच्या रांगेवरून नजर फिरवली आणि घंटा मानसीच्या मांडीवर ठेवली.

"आता मला एक व्यवसाय सांगा," ती म्हणाली. "कुणाचं तरी काम."

हरिभाऊ उठून उभे राहिले. गावाचं नाव दिवसभर पुकारून झालं होतं, आता जावयाला मान द्यायची वेळ होती. छाती पुढे काढून म्हणाले, "कंपनीतला पर्मनंट मानूस!" आणि माझ्याकडे बघून हसले. मी पदर सारखा केला.

सुयोग पुढे आला. त्याच्यासमोर त्याच्याच गटातली एक मुलगी पदर खोचून आई झाली. तिला आमच्या घरातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, हे तिने मला नंतर शपथेवर सांगितलं.

"कुठे निघालास रे?" तिने विचारलं.

"कंपनीत."

टिंग.

"देवळात."

टिंग. लोक हसले.

"चंद्रावर. आमचं गाव तिकडेच आहे."

पुढची रांग टाळ्या वाजवायला लागली. हरिभाऊ डोळे पुसत होते, हसून. मी मानसीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ताठ बसली होती, बोट घंटेवर.

"आणि रोज दुपारपर्यंत असतोस कुठे?" आईने विचारलं.

"कंपनीत."

टिंग. या वेळी लगेच.

"मित्राकडे."

टिंग.

 सुयोगने पहिल्यांदा मानसीकडे बघितलं, त्या घंटेकडे नव्हे. मला वाटलं उठावं, ओरडावं, दिवे घालवावेत. शेजारी आमच्या ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"नदीवरच्या पुलाजवळ," तो म्हणाला. "खाली दगडावर बसतो. तिथेच डबा खातो."

घंटा वाजली नाही. मागे कुणीतरी खुदखुदलं. त्यांच्या दृष्टीने हा खेळच होता.

"आणि कंपनी?"

"कंपनीला सुट्टी आहे."

टिंग.

"कंपनी मी सोडली," सुयोग म्हणाला. आता तो नटाच्या आवाजात बोलत नव्हता. "दसऱ्यानंतरच सोडली. मला हेच करायचं आहे. सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ती लग्नाला नाही म्हणेल अशी भीती वाटते."

 सगळे घंटेची वाट बघत होते. हरिभाऊ पुढे वाकून म्हणाले, "वाजव गं! वाजव की!"

मानसीने तळहात घंटेवर पालथा ठेवला. "नाय बाबा. हे ऱ्हाऊ दे."

"अगं पन..."

"खरं हाय ते. रिक्षा पुलावरनं जाते ना, मला रोज दिसतात ते. कंदी सांगतात म्हनून वाट बगत व्हते."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगेत सगळ्यांना ऐकू गेला. हरिभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. इतके दिवस या नजरेला काय सांगायचं ते मी घोकत होते. पोराचं वय, हौस, पुन्हा लागेल नोकरी, असलं काहीबाही. ते सगळं सोडून मी नुसती मान हलवली, हो म्हणून.

स्टेजवरच्या आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. खेळ पडतोय असं वाटून तिने बिचारीने पुढचं वाक्य टाकलं. "बरं, मग आता तुझ्या सासऱ्यांना मी काय सांगू?"

लोक हसले. सुयोग तसाच उभा. तोंड उघडं, शब्द नाही. म्हैस झालेला, चंद्रावर गेलेला माझा मुलगा, त्याला एक वाक्य सुचेना. हसणं थांबलं तरी तो उभाच. इतका वेळ मी स्वतःसाठी घाबरत होते, लोकांसाठी घाबरत होते. आता फक्त त्याच्यासाठी घाबरले. कुणीतरी सोडवा रे याला, एवढंच मनात येत होतं.

हरिभाऊ खुर्चीला धरून उठले. मला वाटलं निघाले. टेंपो, माणसं, सुपारी, सगळं घेऊन निघाले. पण ते तिथेच उभे राहिले आणि पडद्याआडून सांगावं तशा दबक्या पण स्पष्ट आवाजात त्यांनी सुयोगला वाक्य दिलं.

"सांग तिला, सासऱ्यानं ऐकलंय म्हनून."

टाळ्या पडल्या. मागच्या पाहुण्यांना वाटलं, हाही खेळातलाच माणूस. हरिभाऊ खाली बसले. ते हसत नव्हते, आमच्याकडे बघतही नव्हते, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी आमच्या ह्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. पण भरल्या गिरणीत, आपल्या सगळ्या माणसांसमोर, ते स्वतःला सासरा म्हणाले होते, आणि चारचौघांत घेतलेलं नातं आमच्याकडे कुणी परत करत नाही.